सुरमईची शिरगणती

नागपूरकरांचा मासा म्हणजे रोहू, कतला, मरळ आणि तलावातले झिंगे. भोईपुऱ्याच्या बाजारात सकाळी जे ढीग लागतात त्यांत बहुतेक माल गोड्या पाण्यातला असतो. थोडा भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांतला, बराचसा आंध्रातून ट्रकनं आलेला. या माशांचं गणित सोपं आहे. तलाव कोणता, ठेका कोणत्या सोसायटीकडे, बोटुकली किती सोडली, जाळं कधी लावलं, हे विचारलं तर सांगणारा माणूस सापडतो. त्याच ओळीत हल्ली थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या चुऱ्यावर सुरमईही पडलेली दिसते. तिच्याबद्दल हेच प्रश्न विचारून पाहा. ती कोणत्या बंदरावर उतरली एवढं फार तर कळेल. त्याआधी ती कुठे पोहत होती, तिच्यासारख्या किती उरल्यात आणि त्या मुळात कोणाच्या, हे विक्रेत्याला ठाऊक नसतं. ज्यांनी हे सांगायचं ते लोक मुंबईत, कोचीत, हैदराबादेत आणि थेट सेशेल्स बेटांवर बसतात. त्यांचं उत्तरही जर-तर लावूनच येतं.

मुंबईपासून रेल्वेनं ८३७ किलोमीटर लांब बसून समुद्राची उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. पण राज्याचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, नागपुरातच फुटाळा तलावाच्या रस्त्यावर आहे. समुद्र कोकणात आणि मत्स्य विद्यापीठ विदर्भात, यावरून कोकणात पुष्कळ टोमणे मारले गेले. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे राहावं की नागपूरकडे यावं, हा वादही बरीच वर्षं चालला. २०२३ साली सिल्व्हर पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं गेलं, तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्याचे मंत्री सुधीर मुनगंटीवार होते, चंद्रपूरचे. तेव्हा विदर्भाचा आणि खाऱ्या पाण्याचा संबंध निदान कागदोपत्री तरी घट्ट आहे. शिवाय नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत शेवटी बंगालच्या उपसागरातच जातं. त्या वाटेनं उलट वर चढणारा हिल्सा मात्र राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी अडतो.

सुरमईकडे वळू. मासा समुद्रात कुठे आहे त्यावर त्याचा कायदेशीर मालक बदलतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. तिथे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अंमल. त्याच्याही पलीकडे खुला समुद्र, म्हणजे सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही. पापलेट किंवा बोंबील या रेघा फारसा ओलांडत नाहीत, निदान आपण तसं धरून चालतो. कुपा, गेदर, सुरमई, तलवार मासा यांना रेघा माहीतच नाहीत. कुपा, म्हणजे पिवळ्या पराचा मोठा ट्यूना, थांबू शकतच नाही. तोंड उघडं ठेवून सतत पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांमधून पाणी वाहतं आणि त्याला श्वास घेता येतो. असा मासा एखाद्या राज्याचा किंवा देशाचा असणं कठीणच.

म्हणून १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली हिंदी महासागर ट्यूना आयोगाचा करार झाला आणि १९९६ मध्ये तो अमलात आला. कचेरी सेशेल्सच्या व्हिक्टोरिया शहरात. भारत १९९५ पासून सदस्य आहे. आयोगाच्या यादीत १६ जाती आहेत: ट्यूनाच्या अनेक, तलवार मासा, मार्लिन, पालमासा आणि आपली सुरमईसुद्धा. भोईपुऱ्यात बर्फावर पडलेल्या त्या तुकड्याचा हिशेब शेवटी सेशेल्सच्या वहीत जमा होतो, ही गोष्ट मला अजूनही जराशी गमतीची वाटते.

वहीत जमा होतो खरा, पण तिथवर पोचतो कसा? भारतात हे काम मुख्यतः दोन जुन्या संस्था करतात. पहिली भारतीय मत्स्य सर्वेक्षण, मुख्यालय मुंबई. १९४६ साली ती मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं एक प्रायोगिक केंद्र म्हणून सुरू झाली. युद्ध नुकतंच संपलेलं, धान्याची टंचाई, आणि समुद्रात खाण्यालायक मासा किती व कुठे आहे ते शोधा असा हुकूम. १९८३ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आज पोरबंदर, मुंबई, मार्मागोवा, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर इथे तिचे तळ आहेत. दुसरी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, १९४७ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या मंडपम कॅम्पमध्ये स्थापन झालेली. मुख्यालय १९७१ पासून कोचीत, एक केंद्र मुंबईत. पहिली संस्था स्वतःच्या जहाजानं समुद्रात जाऊन मोजते, दुसरी धक्क्यावर उभी राहून मोजते. दोघींच्या जन्माच्या वेळी प्रश्न होता 'मासा कुठे आहे?' आज प्रश्न झालाय 'किती उरलाय?' यंत्रणा मात्र बरीचशी तीच.

धक्क्यावरची मोजणी आधी पाहू, कारण बातम्यांत येणारे लाखो टनांचे आकडे तिथूनच निघतात. देशात मासळी उतरवण्याची बाराशेच्या वर ठिकाणं आहेत. २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात मच्छीमारांची ४५६ गावं आणि १५२ अशी केंद्रं मोजली गेली. या सगळीकडे रोज माणूस उभा करणं अशक्य. म्हणून नमुना पाहणी होते, आणि ती अतिशय काटेकोर आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतात आणि तिथून दोन-दोन दिवसांच्या जोड्या बांधतात. नोंदणी करणारा पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहापर्यंत केंद्रावर असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारापर्यंत. मधल्या रात्री आलेल्या बोटींची माहिती विचारपूस करून भरायची. अशी २४ तासांची एक नोंद तयार होते. त्या वेळात पंधरा किंवा त्याहून कमी बोटी आल्या तर सगळ्या पाहायच्या. जास्त आल्या तर ठरलेल्या नियमानं त्यांतल्या काही निवडायच्या.

निवडलेली बोट लागली की काम सुरू. जाळं कोणतं, किती दिवसांची फेरी, किती तास ओढ, किती खोलीवर, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारायचं. मासळीचे क्रेट मोजायचे, जातवार वजन काढायचं. काही माशांची लांबी घ्यायची. आणि सुरमई किंवा कुपा असेल तर तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतच घ्यायची. शेपटीची टोकं बर्फात, क्रेटमध्ये मोडतात, बेचकं मोडत नाही. हे सगळं लिलावाच्या आरडाओरड्यात, पाय ओले करत, मासळी ट्रकमध्ये चढायच्या आत उरकायचं असतं. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला पहाटेची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली घाई वेगळी सांगायला नको. पुढे या नोंदी वाढवून केंद्राचा, मग विभागाचा, मग राज्याचा महिन्याचा अंदाज काढतात. आकडा अंदाजच असतो. पण हवेतला नव्हे.

आता २०१९ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरल्याचा अंदाज आला. आदल्या वर्षी तो २.९५ लाख टन होता. पंचेचाळीस वर्षांतला नीचांक, अशा बातम्या झाल्या. समुद्र रिकामा झाला, असा त्यांचा अर्थ लावला गेला. प्रत्यक्षात त्या वर्षी अरबी समुद्रात वादळांची रांगच लागली होती: वायू, हिक्का, आणि ऐन हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा. बोटी धक्क्याला बांधून राहिल्या. जाळंच पाण्यात पडलं नाही तर मासा धक्क्यावर येणार कुठून? समुद्रातल्या माशांवर अतिमासेमारीचा ताण होता आणि आहे, यात वाद नाही. पण त्या एका आकड्यावरून तो ताण मोजता येत नाही.

माशांची मोजणी म्हणजे मुळात भागाकार आहे. अंशस्थानी मिळालेली मासळी, छेदस्थानी ती मिळवायला केलेली खटपट: बोटींचे दिवस, ओढीचे तास, गळांची संख्या. उत्तराचा कल वर्षानुवर्षं खाली येत असेल तर समुद्रातला साठा कमी होतोय असा संशय घ्यायला जागा असते. बातमीत अंश छापला जातो, छेद छापला जात नाही. खरं तर संस्थेच्या वहीत दोन्ही असतात. मंत्रालयातल्या बैठकांपासून किनाऱ्यावरच्या मोर्च्यांपर्यंत सगळीकडे भांडण होतं ते एकट्या अंशावर.

बरं, छेदही साधा नाही. १९८० मधला ट्रॉलरचा एक तास आणि आजचा एक तास सारखे नाहीत. इंजिनाची ताकद वाढली, जाळी मोठी झाली, जीपीएस आलं, पाण्याखालचा थवा पडद्यावर दाखवणारं यंत्र आलं, एलईडीचे झगझगीत दिवे आले. आजचा खलाशी तासाभरात जेवढा समुद्र धुंडाळतो तेवढा त्याच्या वडिलांना अख्खा दिवस धुंडाळता येत नसे. त्यामुळे तासाला मिळणारी मासळी तेवढीच राहिली, तरी मासा कमी झालेला असू शकतो. शास्त्रज्ञ त्यासाठी दुरुस्त्या करतात, पण प्रत्येक दुरुस्तीत थोडं गृहीत धरावंच लागतं.

सरकार तोट्यात जहाजं का चालवतं, याचं उत्तर इथे आहे. सर्वेक्षणाच्या जहाजाला मासा विकून डिझेलचे पैसे काढायचे नसतात. जिथे मासा हमखास मिळतो तिथे जाण्याचा त्याला मोह नसतो. ठरलेल्या चौकटीत, ठरलेल्या साधनानं, मासा मिळो न मिळो, त्यानं जायचं. मुंबईच्या तळावर 'मत्स्य वृष्टी' नावाचं असंच एक जहाज ट्यूनाच्या सर्वेक्षणासाठी ठेवलेलं आहे. त्याचं साधन म्हणजे लाँगलाइन: कित्येक किलोमीटर लांबीची नायलॉनची एकच जाड तार, तिला ठरावीक अंतरावर तरंगते बोये, आणि बोयांच्या मधे खाली लोंबणाऱ्या फांद्यांना एकेक गळ. आमिष म्हणून तारली, बांगडा किंवा माकुल. पहाटे तार सोडायची, काही तास पाण्यात राहू द्यायची, मग दुपारी यंत्रावर ओढायला सुरुवात करायची. गळ रिकामा आला तरी त्याची नोंद, आमिष कुरतडलेलं आलं तरी नोंद, मुशी लागली तरी नोंद. शेवटी एकच आकडा काढतात: शंभर गळांमागे किती मासे. यात छेद स्वच्छ आहे, म्हणून हा आकडा लहान दिसला तरी मोलाचा.

तरी त्यातही समुद्राची एक खोच आहे. अरबी समुद्रात सुमारे शंभर-दीडशे मीटर खाली गेलं की पाण्यातला प्राणवायू झपाट्यानं कमी होतो, आणि हा दरिद्री थर साधारण हजार मीटरपर्यंत पसरलेला आहे. जगात इतका जाड आणि इतका ओसाड थर फार थोड्या ठिकाणी आहे. कुप्याला भरपूर प्राणवायू लागतो. तो या छताच्या, खरं तर या तळमजल्याच्या, वरच अडकून राहतो. त्यामुळे गळ उथळ सोडले तर मासा जास्त लागतो आणि साठा भरभक्कम वाटतो. खोल सोडले तर समुद्र रिकामा भासतो. म्हणून सर्वेक्षणात गळाची खोली, पाण्याचं तापमान आणि प्राणवायू हेही मासळीच्या वजनाइतकंच काळजीनं लिहून ठेवावं लागतं. मासळीचे संभाव्य पट्टे मच्छीमारांना कळवणारी हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहते. पृष्ठभागाखाली काय चाललंय ते उपग्रहाला दिसत नाही.

थव्यानं फिरणारे मासे तर सरळ फसवतात. बांगडा आणि तारली, म्हणजे सिंधुदुर्गातला पेडवा, हे साठा निम्म्यावर आला तरी एकत्रच राहतात. थवे कमी होतात, पण प्रत्येक थवा तेवढाच दाट. पर्ससीनचं जाळं त्याच्याभोवती टाकलं की दर खेपेला भरघोस मासळी. भागाकाराचं उत्तर वर्षानुवर्षं उत्तम दिसतं आणि मग एका हंगामात थवाच सापडत नाही. केरळात २०१२ साली तारलीची पकड चार लाख टनांच्या आसपास गेली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. अतिमासेमारी, पावसाचं बिनसलेलं चक्र, तापलेलं पाणी, एल निनो, सगळ्यांचा त्यात वाटा धरला गेला. त्याच काळाच्या आगेमागे तारली आणि बांगडा उत्तरेकडे सरकतायत, हेही दिसत होतं. १९८५ पूर्वी या दोन्ही माशांची बहुतेक पकड केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात व्हायची. नंतर गोवा आणि कोकणाच्या अक्षांशांवरची पकड वाढत गेली. केरळातल्या मच्छीमाराच्या दृष्टीनं मासा संपला. मालवणातल्या मच्छीमाराच्या दृष्टीनं आला. मोजणी राज्यागणिक केली तर दोघंही खरे, आणि साठ्याचं चित्र दोघांपैकी कोणाकडेही नाही.

थव्यांना जाळ्याविना मोजता येतं का, याचा प्रयत्न भारतात फार आधी झाला होता. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं कोचीत एक प्रकल्प सुरू झाला. जहाजातून पाण्यात ध्वनी सोडायचा आणि थव्यावर आदळून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याचा आकार काढायचा. त्याच्या दोन जहाजांची नावं होती 'रास्ट्रेलिजर' आणि 'सार्डिनेला', म्हणजे बांगडा आणि तारली यांचीच शास्त्रीय नावं. सरकारी कामात विनोदबुद्धी क्वचितच दिसते, म्हणून ही नोंद.

थवे संपण्याची पश्चिम किनाऱ्यावरची सर्वात कडू आठवण शिंगाळ्याची आहे. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून वाढवतो. पिलं स्वतंत्र होईपर्यंत तो जवळपास उपाशी राहतो. अशा नरांचे थवे किनाऱ्याजवळ आले की त्यांना पर्ससीन लावलं जाई. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात पर्ससीन बोटी वाढल्या, तेव्हा एकेका खेपेत टनावारी नर आणि त्यांच्या तोंडातली अंडी वाया जाऊ लागली. हे थांबवा, असं केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० मध्येच लिहून ठेवलं होतं. थांबलं नाही. पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळ्याचा धंदा बसला.

मासा किती वयाचा आणि कुठून कुठे जातो, हे कळायला आणखी दोन वाटा आहेत. एक त्याच्या डोक्यात. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो, तो वाढताना त्यावर वलयं उमटत जातात. थंड प्रदेशात वर्षाला एक वलय स्पष्ट दिसतं. आपल्याकडे समुद्र बारमाही उबदार, त्यामुळे वर्षाची वलयं पुसट, आणि कोवळ्या माशांत तर रोजचं वलय मोजायला बसावं लागतं. खडा काढायचा, पारदर्शक होईपर्यंत घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. एका माशाचं वय काढायला बराच वेळ जातो आणि दोन निष्णात माणसांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

दुसरी वाट म्हणजे खूण लावून सोडणं. भारतात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तारली आणि बांगड्यांना खुणा लावण्याचा कार्यक्रम झाला होता. हिंदी महासागरात ट्यूनासाठी मोठा कार्यक्रम झाला तो २००२ ते २००९ या काळात. दोन लाखांहून अधिक माशांना पाठीवर प्लास्टिकची पिवळी खूण टोचून सोडून दिलं गेलं. तीस हजारांच्या वर खुणा परत मिळाल्या. बऱ्याचशा सेशेल्सच्या बंदरात, मोठ्या पर्ससीन जहाजांमधून मासळी उतरवताना. साधी खूण फक्त दोन टोकं सांगते: कुठे सोडला, कुठे सापडला. मधली वाट कळायला उपग्रहाशी बोलणारी खूण लागते. इन्कॉइस आणि दोन्ही मत्स्य संस्थांनी मिळून भारतीय समुद्रातल्या कुप्यांना अशा खुणा लावल्या. ती खूण प्रकाश, दाब आणि तापमान टिपत राहते, ठरलेल्या दिवशी माशापासून सुटते, पृष्ठभागावर येते आणि साठवलेलं सगळं उपग्रहाकडे पाठवते. मासा कुठे होता ते ती सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळांवरून काढते, जुन्या खलाशांच्या हिशेबासारखंच.

या सगळ्याचा शेवट सरकारी फायलीत होतो आणि क्वचित आदेशात. कोकणात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष टोकाला गेला, तेव्हा २०११ मध्ये राज्य सरकारनं भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं अभ्यास करून पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्यानं १८२ पर्यंत खाली आणा, असं सांगितलं. तेव्हा ते ४९४ होते. अहवाल २०१२ मध्ये आला. आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. त्यात पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. चार वर्षं फाईल कुठे फिरली याचं कुतूहल राहतंच. आदेशानंतरही अवैध पर्ससीनच्या तक्रारी सुरू राहिल्या. तरी एका माजी सर्वेक्षकाच्या आकड्यांनी राज्याचं धोरण वळवलं, असं उदाहरण आपल्याकडे विरळच.

त्याच्या अगदी उलट २०२२ चं मूल्यमापन. केंद्रीय संस्थेनं देशातले १३५ साठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के निरोगी असल्याचं सांगितलं. किनाऱ्यावर कोणाशीही बोला, एवढा आशावाद ऐकायला मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. साठा स्वतःला सावरू शकेल अशा पातळीवर आहे, असा शास्त्रज्ञांचा अर्थ. माझ्या जाळ्यात वडिलांच्या जाळ्याइतका मासा येत नाही, असा मच्छीमाराचा. बोटी वाढल्या की प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा लहान होतो, साठा तगून असला तरी. पण हे समजावून न सांगता टक्केवारी जाहीर केली की किनाऱ्यावर शास्त्रज्ञांची पत घसरते, आणि पुढच्या वेळी तांडेल नोंदणी करणाऱ्याला खोटा आकडा सांगतो. मोजणीचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हेच कुप्याच्या बाबतीत झालं. २०१५ मध्ये आयोगाच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातला कुपा अतिमासेमारीनं खालावला आहे, असा निष्कर्ष काढला. २०१६ मध्ये तो सावरण्याची योजना आली. मर्यादा ठरल्या, देशादेशांत वर्षानुवर्षं भांडणं झाली. २०२४ च्या मूल्यमापनात त्याच कुप्याला हिरवा कंदील मिळाला. मासा एवढ्यात दुणावला नव्हता. लाँगलाइन बोटींच्या जुन्या नोंदींचा छेद नव्यानं दुरुस्त केला गेला, कानातल्या खड्यांवरून वाढीचे आकडे बदलले, आणि गणिताचं उत्तर बदललं. यात लबाडी नाही, शास्त्र असंच पुढे सरकतं. पण ज्यांनी मधली वर्षं कमी मासा धरला त्यांना हे पटवणं अवघड आहे.

सुरमईची गत याहूनही बिकट. तिला मोठी औद्योगिक जहाजं फारशी धरत नाहीत. इंडोनेशिया, भारत, इराण अशा देशांतल्या हजारो लहान बोटी ती गिलनेटनं आणि गळानं धरतात, आणि कोवळी सुरमई ट्रॉलच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर जाते. संपूर्ण हिंदी महासागरात सुरमईचा एकच साठा आहे, असं आयोगाचं मूल्यमापन धरून चालतं, कारण वेगळे साठे ठामपणे दाखवता येतील एवढी माहिती नाही. आणि मूल्यमापन मुख्यतः केवळ पकडीच्या आकड्यांवर चालणाऱ्या पद्धतींनी होतं. म्हणजे अंश आहे, छेद नाही.

भारतात छेदाची सोय होण्याची शक्यता अलीकडे दिसू लागली आहे, आणि तीही महाराष्ट्रातून. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींवर इस्रोनं बनवलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत एक लाख बोटी, सुमारे ३६४ कोटी रुपये. योजनेचा मूळ हेतू सुरक्षेचा आहे: वादळाचा इशारा बोटीपर्यंत पोचावा, संकटात संदेश पाठवता यावा. पण बोट कोणत्या दिवशी कुठे होती आणि किती दिवस समुद्रात राहिली, हेही त्यातून निघतं, आणि शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं हवं होतं ते नेमकं हेच. किनाऱ्यावर याचं स्वागत संशयानं झालं तर नवल नाही. मासळीच्या जागा हे घराण्याचं गुपित असतं आणि बारा मैलांच्या आतबाहेरचा हिशेबही आता पडद्यावर येणार.

राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकाराचा नियम काढला, पापलेटला १३५ मिलिमीटर. तो पाळला जातो का हे धक्क्यावर पट्टी लावून पाहता येतं. सुरमईच्या छेदाचं तसं नाही. ट्रान्सपॉन्डर बोट कुठे होती ते सांगेल. गिलनेट किती लांबीचं होतं, रात्रभर पाण्यात राहिलं की दोन तासांत ओढलं, हे त्याला कळत नाही. ते अजून धक्क्यावर, लिलाव चालू असताना, तांडेलालाच विचारावं लागतं.